पित्त म्हणजे नेमकं काय? पुस्तकातलं, पोटातलं आणि अंगावर उठणारं

एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलगी दहावीला. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात पित्तरस यकृतात तयार होतो आणि तो अल्कधर्मी असतो असं आहे. ताईंना स्वतःला आठ वर्षं 'पित्ताचा त्रास' आहे आणि त्यांचे डॉक्टर सांगतात की ॲसिड वाढलंय. मग पित्त आम्ल की अल्क? त्यातच परवाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात ८ मिलिमीटरचा खडा निघाला. त्या विचारतात, 'पित्ताशय काढून टाकलं तर माझं पित्त कायमचं जाईल का?'

ताई, पुस्तकही बरोबर आहे आणि तुमचे डॉक्टरही. घोळ शब्दाचा आहे. मराठीत आपण 'पित्त' या एका शब्दावर निदान चार वेगवेगळ्या तक्रारी टांगल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा खऱ्या पित्ताशी काही संबंध नाही. मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, २६ वर्षं झाली. 'डॉक्टर, पित्त झालंय' हे ऐकल्याशिवाय एक दुपार गेलेली नाही, आणि त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे नेमकं काय होतंय?

खरं पित्त कोणतं, हे मराठी माणसाला पुस्तक न उघडताही ठाऊक असतं. फक्त ते ज्ञान स्वयंपाकघरात राहतं, दवाखान्यात येत नाही. कोंबडी साफ करताना कलेजीला चिकटलेली एक हिरवी पिशवी असते. ती अलगद काढायची, फुटू द्यायची नाही, नाहीतर जिथे ते पाणी लागेल तिथलं मटण कडूजहर होतं. कोकणात मासे साफ करणाऱ्या बायका हेच सांगतात, 'पित्त फुटू देऊ नको.' ते हिरवट, चिकट, कडू पाणी म्हणजे पित्त. पुस्तकातला पित्तरस तोच. (जाता जाता: रोहू-कटल्यासारख्या माशांचं कच्चं पित्त मधुमेहावर औषध म्हणून गिळणारे लोक असतात. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. कृपा करून असलं काही करू नका.)

चव लक्षात ठेवा. पित्त कडू असतं, ॲसिड आंबट असतं. निम्मं उत्तर इथेच आहे.

आता जरा आत शिरू. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यात बहुतेक पाणीच असतं, शिवाय पित्तक्षार, बिलिरुबिन हे रंगद्रव्य, कोलेस्टेरॉल आणि लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ. एकही पाचक विकर (एन्झाइम) त्यात नसतं. मुलीला हे ठळक अक्षरांत लिहून द्या, परीक्षेत इथे पोरं हमखास घसरतात. पित्त काही 'पचवत' नाही, ते पचनाची तयारी करून देतं. तेलकट पातेलं नुसत्या पाण्याने धुऊन बघा, तवंग इकडून तिकडे फिरत राहतो. साबण लागला की त्याच तेलाचे बारीक कण होतात आणि ते पाण्याबरोबर जातात. पित्तक्षार आतड्यात हेच काम करतात. तुपाचा मोठा थेंब फोडून त्याचे सूक्ष्म थेंब केले, की स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर त्यावर काम करू शकतं. पित्त आतड्यात पोचलं नाही तर मल तेलकट होतो. अ, ड, ई आणि के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. के कमी पडलं की रक्त लवकर गोठत नाही. म्हणून पित्तनलिका तुंबलेल्या कावीळीच्या रुग्णाचं ऑपरेशन करण्याआधी आम्ही रक्त गोठण्याची तपासणी करतो.

यकृत या बाबतीत काटकसरी आहे. एकदा वापरलेले पित्तक्षार शरीर टाकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले ९५ टक्क्यांच्या आसपास परत शोषले जातात, रक्तातून यकृतात येतात आणि पुन्हा पित्तात उतरतात. हा फेरा दिवसातून सहा ते दहा वेळा होतो. विरजणासाठी दही राखून ठेवावं तसं.

बिलिरुबिन मात्र खऱ्या अर्थाने टाकाऊ. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनची मोडतोड झाली की हे पिवळं द्रव्य उरतं आणि यकृत ते पित्तातून बाहेर काढतं. मलाचा तपकिरी रंग त्याच्यामुळेच. वाट अडली की तेच रक्तात साठतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि मल मात्र पांढुरका पडतो. कावीळ झाली म्हणजे अंगात 'पित्त चढलं' असं जुनी माणसं म्हणत. इथे त्यांचा शब्द अचूक होता!

पित्ताशय पित्त तयार करत नाही, फक्त साठवतं. नाशपतीच्या आकाराची ती छोटी पिशवी, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची. दोन जेवणांच्या मधल्या वेळात यकृतातून आलेलं पित्त तिथे थांबतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि ते पाच ते दहा पट दाट होतं. मग तुम्ही पुरणपोळीवर तूप घेता. ते आतड्याच्या सुरुवातीला पोचतं, तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावून पित्त खाली सोडतं. या संप्रेरकाचा शोध १९२८ साली लागला. नाव लांबलचक वाटलं तरी अर्थ सरळ आहे. ग्रीक भाषेत 'कोले' म्हणजे पित्त. 'कोलेस्टेरॉल' या शब्दातही हाच 'कोले' आहे, कारण हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताच्या खड्यांत. 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. गावोगाव लोक ज्या कोलेस्टेरॉलला घाबरतात, त्याच्या नावाचा अर्थ 'घट्ट पित्त' आहे हे मला अजूनही गमतीचं वाटतं. पूजेच्या सामानात मिळणारं गोरोचनही असंच, गाईबैलांच्या पित्ताशयातला खडा.

आता ॲसिड. ते यकृतात नाही, जठराच्या अस्तरातल्या पेशींत तयार होतं, आणि ते साधंसुधं नाही, हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली हे दाखवून दिलं तेव्हा पोटात एवढं तीव्र खनिज आम्ल असेल यावर विश्वास ठेवणं अनेकांना जड गेलं. रिकाम्या जठरातला सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड-दोनच्या आसपास असतो. जठराला स्वतःला ते सोसवतं, कारण त्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो. अन्ननलिकेला तसं कवच नसतं. जठराच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडली की आम्ल वर चढतं आणि छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर सुरू होतात. ताई, तुम्ही 'पित्त' म्हणता आणि तुमचे डॉक्टर 'ॲसिड' म्हणतात ते हे. इथे दोष जठराच्या आम्लाचा आणि त्या झडपेचा असतो, यकृतातल्या पित्ताचा नाही.

म्हणजे एकाच नळाच्या दोन टप्प्यांवर दोन उलट स्वभावाचे रस. जठरात तीव्र आम्ल, आणि त्याच्या पुढे ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, सौम्य अल्कधर्मी पित्तरस. पुस्तकात असंही असतं की पित्तरस अन्नाचं आम्ल शमवतो. ते खरं आहे, पण त्या कामाचा मोठा वाटा स्वादुपिंडातून येणाऱ्या बायकार्बोनेटचा असतो. दहावीच्या उत्तरात पित्तरसाचं नाव लिहिलं तरी चालेल.

मग जठरातल्या आम्लाला आपण पित्त का म्हणू लागलो? कारण आयुर्वेदातलं पित्त म्हणजे ती हिरवी पिशवी नव्हे. ते उष्णतेचं आणि परिवर्तनाचं तत्त्व. हा शब्दच तापण्याच्या धातूवरून आला असं वैद्य सांगतात. वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले: पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक. यांतलं एक डोळ्यांत, एक त्वचेत, एक हृदयात. यकृतातल्या रसाचं हे वर्णन असूच शकत नाही. या पित्ताला आंबटपणा चढला की 'अम्लपित्त', आणि माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात त्याचं वेगळं प्रकरणच आहे. बोलताना आपण त्यातला 'अम्ल' गाळला आणि नुसतं 'पित्त' ठेवलं. पुढे शरीरशास्त्र मराठीत आणणाऱ्यांना यकृतातल्या रसासाठी शब्द हवा होता. त्यांनी हाच उचलला. चूक कुणाचीच नाही. पण एकाच नावाची दोन माणसं एका वाड्यात राहायला आली आणि पत्रं एकमेकांच्या घरी जाऊ लागली.

माझं स्वतःचं मत असं की लिहिताना तरी नेटकेपणा पाळावा. यकृतातल्या रसाला 'पित्तरस' म्हणा, पोटातल्या जळजळीला 'आम्लपित्त' किंवा सरळ 'ॲसिडिटी'. पित्तरस वाहून नेते ती पित्तनलिका, पिशवी ती पित्ताशय, त्यातला तो पित्तखडा. बोलण्यात कुणाला सुधारायला जाऊ नका. माझी आई शेवटपर्यंत 'आज पित्त झालंय' म्हणत असे आणि मीही तिला मुकाट्याने ॲसिडिटीची गोळी देत असे.

त्या गोळीबद्दल दोन वाक्यं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे 'पित्ताच्या गोळ्या' पित्त कमी करत नाहीत, जठरातला आम्ल सोडणारा पंप बंद करतात. म्हणून त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात, जेवणानंतर घेतल्या की निम्मा उपयोग वाया जातो. आणि आठ वर्षं मनाने खात राहण्याच्या त्या गोळ्या नव्हेत.

आता अंगावर उठणारं पित्त. गांधी उठतात, लाल चट्टे, खाज, आणि घरातलं कोणीतरी आमसुलाचं पाणी चोळायला येतं. आयुर्वेदात याला शीतपित्त म्हणतात, तिथूनच हे नाव रुजलं. इथे ना यकृताचा रस असतो, ना जठराचं आम्ल. त्वचेतल्या विशिष्ट पेशी हिस्टामाइन सोडतात आणि त्याने चट्टे येतात. पण एक गंमत आहे. हेच हिस्टामाइन जठराच्या पेशींनाही आम्ल सोडायचा हुकूम देतं, फक्त वेगळ्या ग्राहीतून, म्हणजे पेशीवर असा हुकूम घेणाऱ्या वेगळ्या जागेतून. सेटिरिझिन त्वचेकडचा ग्राही अडवते, फॅमोटिडिन जठराकडचा. हा दुसरा ग्राही अडवणारं औषध शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. म्हणजे 'पोटातलं पित्त' आणि 'अंगावरचं पित्त' यांना एका नावाने हाक मारणाऱ्या आपल्या आजीला हिस्टामाइनचं काही ठाऊक नव्हतं, तरी ती अगदीच चुकली नव्हती. असो. आमसुलाने खाज जरा थंडावते, हरकत नाही. मात्र गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास लागला, तर आमसूल बाजूला ठेवून थेट रुग्णालयात.

'पित्ताने डोकं दुखतं' ही तिसरी तक्रार. बहुतेकदा ती अर्धशिशी असते. तिच्यात मळमळ होतेच, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि उलटी झाली की काहींचं डोकं खरोखर उतरतं. त्यावरून लोक ठरवतात की पित्त पडलं म्हणून बरं वाटलं. मग दर वेळी घशात बोटं घालून 'पित्त पाडायची' सवय लागते. दातांचं आवरण झिजतं, अन्ननलिकेला चीर पडून रक्तही येऊ शकतं. अशा एका बाईंना मी सहा महिने साधं अर्धशिशीचं औषध दिलं, तेव्हा त्यांची बोटं थांबली.

आणि ते पिवळं पाणी? पोट रिकामं असताना ओकाऱ्या येत राहिल्या की ग्रहणीतला पित्तरस उलटा जठरात येतो आणि शेवटी कडू पिवळं पाणी पडतं. यालाही आपण 'पित्त पडलं' म्हणतो आणि इथे ते शब्दशः खरं असतं. मोठ्या माणसात एखाद्या वेळी असं झालं तर घाबरण्यासारखं नाही. पण तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर थांबू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे उशीर परवडत नाही. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली आणि शी पांढुरकी, मातकट होऊ लागली, तर पित्तनलिकाच बंद असण्याची शक्यता तपासावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त असते. 'कोवळ्या उन्हात धरा, जाईल' असं सांगून घालवलेले आठवडे परत मिळत नाहीत.

या शब्दाने सगळ्यात मोठं नुकसान छातीच्या बाबतीत केलंय. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी रात्री साडेनऊला जेवले. छातीच्या खाली दाबल्यासारखं झालं, घाम सुटला. 'पित्त झालंय' म्हणून सोडा प्यायले, दोन ढेकर आले, बरं वाटलं. पहाटे चारला आले तेव्हा ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका स्पष्ट होता. त्या भिंतीचं दुखणं पोटाच्या वरच्या भागातच जाणवतं, आणि मळमळ, ढेकर हेही त्याबरोबर येतं. ते वाचले, पण हृदयाची ताकद गेली ती गेलीच. चाळिशीपुढचा माणूस, मधुमेह, तंबाखू, चढावर चालताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं 'पित्त', घाम, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, यांतलं काही असेल तर आधी ईसीजी, मग पित्ताची गोळी.

आता तुमचा खडा, ताई.

पित्ताशय काढल्याने तुमची ॲसिडिटी जाणार नाही. जळजळ, आंबट पाणी, करपट ढेकर हा जठराचा आणि अन्ननलिकेचा मामला, पित्ताशय त्याच्या शेजारी राहतं एवढंच. हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट न झाल्याने नंतर नाराज झालेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. 'पिशवी काढली तरी पित्त आहेच!' अर्थात आहेच, कारण ते पित्त त्या पिशवीतलं नव्हतंच. पिशवी गेल्यावर यकृत पित्तरस तयार करतच राहतं, तो थेंबथेंब सरळ आतड्यात येतो. बहुतेकांचं काही अडत नाही, काहींना काही दिवस तेलकट खाल्ल्यावर पातळ होतं.

खड्याचं दुखणं वेगळं असतं. उजव्या बरगडीखाली किंवा वरच्या पोटात मधोमध, बरेचदा जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री, एकसारखं, अर्ध्या तासापासून काही तास टिकणारं, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारं. गोळीने, ढेकराने, कूस बदलून ते हटत नाही. असं दुखणं तुम्हाला कधी झालं असेल तर ऑपरेशनचा विचार जरूर करा. कधीच झालं नसेल, आणि खडा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडला असेल, तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. आठ मिलिमीटर या आकड्याने घाबरून जाऊ नका. बारीक खडे उलट जास्त खोडकर असतात, ते नलिकेत उतरतात. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, किंवा पाठीत घुसणारी असह्य कळ आली, तर खडा नलिकेत अडकला असेल किंवा स्वादुपिंडाला सूज आली असेल. मग त्याच दिवशी रुग्णालय.

कुळथाचं पाणी आणि पानफुटी शेजारच्या काकू सांगतीलच. मुतखडा लघवीच्या वाटेने जातो, पित्तखड्याला ती वाट नाही. लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन 'खडे पडल्याचे' फोटोही तुमच्या फोनवर येतील. ते मऊ हिरवे गोळे आतड्यात त्याच तेलाचे बनलेले साबणाचे असतात, सोनोग्राफीतला खडा जागेवरच असतो.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर भीती बाळगू नका. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबूख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढलं तेव्हा पोट मोठं उघडावं लागलं होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली, आणि आज ती आपल्याकडे तालुक्याच्या गावीही होते. दोनेक दिवसांत माणूस घरी जातो.

तोवर एक काम करा. एका कागदावर लिहून ठेवा: काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, नेमका कुठे, किती वेळ टिकला, चव आंबट होती की कडू, कशाने थांबला. दोन आठवड्यांचा तो कागद सर्जनला दाखवा. 'पित्त' हा शब्द मात्र त्यात कुठेही लिहू नका.